‘चढणे’ नेमकं कुठं आणि कसं वापरायचं? डोंगरापासून सात-बारापर्यंत

वर जाण्याला मराठीत शब्द भरपूर आहेत. धूर वर जातो, दूध वर येतं, सूर्य उगवतो, माणूस उठतो, किंमत वाढते, वेल मांडवावर चढतो. बोलताना आपण यातला योग्य शब्द बरोबर उचलतो. लिहायला बसलं की मात्र गडबड होते. मुलांच्या निबंधात, बातम्यांत, अनुवादात ‘तिने जिना चढला’, ‘देवीला फुलं चढवली’ अशी वाक्यं सर्रास दिसतात. हा लेख ‘चढणे’ या एका क्रियापदापुरता आहे. शिकवणाऱ्यांना, लिहिणाऱ्यांना आणि बाहेरून येऊन कोल्हापुरात मराठी शिकणाऱ्यांना तो क्रमानं वापरता येईल. उदाहरणं बरीचशी इथलीच घेतली आहेत, कारण डोंगर, पूर, गुऱ्हाळ आणि तालीम या चारही ठिकाणी हे क्रियापद रोज लागतं.

पहिली पायरी: आधार आहे का, आणि ते उतरू शकतं का?

‘चढणे’ लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारा. वर जाणाऱ्या गोष्टीला टेकायला काही आहे का? आणि वर गेलेली गोष्ट परत उतरू शकते का?

माणूस डोंगरावर पाय टेकवत जातो, म्हणून चढतो. धुराला टेकायला काही नसतं, म्हणून तो नुसता वर जातो. लिफ्टनं आपण चौथ्या मजल्यावर जातो. तिथं ‘चढलो’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, लिफ्ट बंद होती.

दुसरा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. पावसाळ्यात पंचगंगेकाठी माणसं एकमेकांना विचारतात, ‘पाणी चढालंय का उतरालंय?’ राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोक्याची पातळी. ते आकडे बातम्यांत येतात, पण गल्लीतली चौकशी याच दोन क्रियापदांवर चालते. पाणी घाटाच्या पायऱ्यांवरून एकेक पायरी गिळत वर येतं आणि तसंच एकेक पायरी मोकळी करत मागं जातं. आधारही आहे, उतरणंही आहे. इथं ‘चढणे’ अगदी चपखल बसतं.

हीच कसोटी पुढं लावून बघा. ताप चढतो, उतरतो. नशा चढते, उतरते. सूज, विष, भाव, रंग, माज, अंगातली मस्ती, सगळं चढतं आणि उतरतं किंवा उतरवलं जातं. याउलट वय वाढतं, ते चढत नाही, कारण ते कधी उतरणारच नाही. लोकसंख्या वाढते, केस वाढतात, अनुभव वाढतो.

कसोटीला अपवाद आहेत, ते पाठ करून टाकावेत. गंज चढतो, पण तो उतरत नाही, घासून काढावा लागतो. कर्ज चढतं आणि फिटतं. दिवस चढतो आणि मग कलतो, मावळतो. ही कसोटी उलट्या बाजूनं लावू नये. चेहरा उतरतो, पण चेहरा चढला असं कुणी म्हणत नाही. दृष्ट उतरवतात, पण चढवत नाहीत, दृष्ट लागते. म्हणजे उतरणाऱ्या प्रत्येक गोष्टीला चढणं नसतं. चढणाऱ्या बहुतेक गोष्टींना उतरणं असतं, एवढंच धरून चालावं.

दुसरी पायरी: ‘डोंगर’ की ‘डोंगरावर’?

जी गोष्ट वाट म्हणून पायाखाली येते तिला प्रत्यय लावायचा नाही. जिना चढणे, पायऱ्या चढणे, घाट चढणे, कडा चढणे, चढण चढणे. जी गोष्ट ठिकाण म्हणून किंवा बसायची जागा म्हणून मनात आहे तिला ‘वर’ लावायचं. झाडावर, कौलांवर, घोड्यावर, स्टुलावर चढणे. डोंगराला दोन्ही चालतं, पण अर्थ थोडा हलतो. ‘आम्ही जोतिबाचा डोंगर चढलो’ म्हटलं की पायाखालची सगळी वाट त्यात आली. ‘डोंगरावर चढलो’ म्हटलं की वर पोचल्याचा भाव पुढं येतो.

पन्हाळ्याचंच एक उदाहरण घ्या. मार्च 1673 मध्ये शिवाजी महाराजांचे सरदार कोंडाजी फर्जंद यांनी साठेक मावळे बरोबर घेऊन रात्रीच्या अंधारात कडा चढून पन्हाळा घेतला. इथं ‘कड्यावर चढून’ लिहिलं तर वाक्य सैल पडतं. सगळं शौर्य त्या सरळसोट वाटेत आहे, आणि ती वाट ‘कडा’ या नुसत्या शब्दात पुरी येते.

वाहनांचा मामला वेगळा. एसटीत, रेल्वेत, ट्रकमध्ये माणूस चढतो, कारण आत शिरायला पायरी असते. केएमटीचा, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बसचा, कंडक्टर ‘चढा की वो मावशी, पुढं सरका’ म्हणतो तेव्हा बोलणं बरोबरच असतं. पण रिक्षात, मोटारीत, सायकलवर आपण ‘बसतो’. ‘मी रिक्षात चढलो’ हे कानाला खटकतं. उतरताना मात्र सगळीकडून उतरायचंच, रिक्षातूनही.

तिसरी पायरी: भूतकाळात ‘ने’ लावू नका

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून थोडं थांबून बघू.

‘तिने आंबा खाल्ला’ हे बरोबर. मग ‘तिने जिना चढला’ का नाही? ‘चढणे’ला कर्म असल्यासारखं दिसत असलं तरी भूतकाळात हे क्रियापद कर्त्याच्याच मागं जातं. ती जिना चढली. तो पायऱ्या चढला. आम्ही घाट चढलो. पायऱ्या अनेकवचनी आहेत म्हणून ‘चढल्या’ होत नाही. चढणारा ‘तो’ आहे म्हणून ‘चढला’. शिकणे, विसरणे, बोलणे ही क्रियापदंही याच जातीची. ‘मी धडा शिकलो’, ‘ती छत्री विसरली’ हे जसं आपण न अडखळता म्हणतो, तसंच ‘ती गड चढली’.

दुसऱ्याकडून किंवा दुसऱ्या वस्तूच्या बाबतीत ती क्रिया घडवली की क्रियापद ‘चढवणे’ होतं आणि तिथं ‘ने’ आलाच पाहिजे. बाबांनी पोराला झाडावर चढवलं. हमालांनी पोती ट्रकमध्ये चढवली. तिनं सायकलची उतरलेली चेन चढवली. इथं क्रियापद वस्तूप्रमाणं बदलतं: मुकुट चढवला, चेन चढवली, ओझं चढवलं.

आता खरी गंमत आणि खरी अडचण. ‘चढवणे’सारखंच दिसणारं, पण अर्थानं निराळं असं एक रूप मराठीत आहे. जोतिबाला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी ते हमखास येतं: ‘आता मला पायऱ्या चढवत न्हाईत.’ तो कुणाला चढवत नाहीये. त्याच्या अंगात तेवढी ताकद उरलेली नाही, एवढंच तो सांगतोय. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. कर्त्याला ‘ने’ असेल तर चढवणे. ‘ला’ किंवा ‘च्यानं’ असेल तर शक्य क्रियापद. ‘आजोबांनी बोजा चढवला.’ ‘आजोबांना जिना चढवला नाही.’ दोन्हीकडं ‘चढवला’च, पण पहिल्यात काम झालंय, दुसऱ्यात अंगानं साथ दिली नाही.

‘चढता येत नाही’ आणि ‘चढवत नाही’ यांतला फरकही जपण्यासारखा आहे. ‘झाडावर चढता येत नाही’ म्हणजे ती कला अवगत नाही, किंवा वाट बंद आहे, किंवा कुणी चढू देत नाही. ‘चढवत नाही’ म्हणजे शरीर ऐकत नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईच्या तोंडी ‘मला चढता येत नाही’ घातलं तर तिला चढायचं कसं ते माहीतच नाही असं वाटतं. लेखकांनी, विशेषतः अनुवाद करणाऱ्यांनी, हे दुसरं रूप हातचं जाऊ देऊ नये. एका शब्दात अख्खं म्हातारपण सांगता येतं.

चौथी पायरी: आपोआप चढणाऱ्या गोष्टी

इथं ‘चढणे’ आणि ‘वाढणे’ यांतली निवड करावी लागते. दोन्ही चालतील अशा जागा खूप आहेत. तरी फरक असा: ‘वाढणे’ मोजमाप सांगतं, ‘चढणे’ ते अंगावर येताना जाणवतं. डॉक्टर म्हणतील ‘ताप वाढलाय’, आई म्हणेल ‘संध्याकाळपासनं ताप चढायला लागलाय’. आकडा जोडायचा झाला तरी रचना बदलते. पाणी दोन फुटांनी वाढलं, पण पाणी दोन फूट चढलं. ‘वाढणे’बरोबर ‘नी’ येतो, ‘चढणे’बरोबर नुसतं माप.

रक्तदाब बोलण्यात चढतो (‘बीपी चढलंय’), पण रक्तातली साखर वाढते. पायात गोळा येतो, आणि मानेत शीर चढते. हे असंच का, याला नियम नाही; कानानंच शिकायचं.

बाजारात दर चढतात. मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात तेव्हा ‘आज दर चढा आहे’ असं ऐकू येईल. इथं ‘चढा’ हे विशेषण झालं आणि ते शब्दाप्रमाणं बदलतं: चढा दर, चढी किंमत, चढे भाव, चढ्या भावानं. भाव चढले म्हणजे वर गेले. वधारले म्हणजे थोडे, सुखानं वर गेले. भडकले किंवा कडाडले म्हणजे गिऱ्हाइकाला चटका बसला. बातमी लिहिताना हे तिन्ही एकाच अर्थानं आलटून पालटून वापरू नयेत. विकणाऱ्या शेतकऱ्याला चढलेला भाव चांगलाच वाटतो, त्याच्या तोंडी ‘भडकला’ घालू नये.

रंग, धुंदी, स्फुरण, जोर हेही चढतात. खासबाग मैदानात दोन जोडीचे पैलवान एकमेकांना भिडले, पट, घिस्सा असे डाव सुरू झाले, की ‘कुस्तीला रंग चढला’ म्हणतात. शाहू महाराजांच्या काळात, 1912 मध्ये, उभं राहिलेलं हे मैदान. तिथल्या हलगीवाल्याकडं बघा. हलगी मऊ पडली की तो ती जाळावर धरतो, फिरवत फिरवत शेकतो, बोटानं टिचकी मारून बघतो आणि पुन्हा शेकतो. कातडं ताणलं की आवाज चढतो. तबलाही असाच उतरतो आणि हातोडीनं ठोकून चढवावा लागतो. गाण्यात ‘चढा स्वर’ म्हणजे उंच स्वर, पण भांडणात ‘चढा आवाज’ म्हणजे रागाचा. संदर्भ बदलला की तोच शब्द एकीकडं कौतुकाचा आणि एकीकडं तक्रारीचा.

आणखी एक रूप ध्यानात ठेवा: ‘चढत जाणे’. हळूहळू, न थांबता वर जाणाऱ्या गोष्टीला हेच लागतं. अंबाबाईच्या मंदिरात नोव्हेंबरमध्ये, आणि पुन्हा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला किरणोत्सव होतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप, पितळी उंबरा ओलांडतात आणि मूर्तीच्या पायांशी पोचतात. तिथून ती वर चढत जातात. ‘किरणं चढली’ म्हटलं तर क्रिया संपली. ‘चढत गेली’ म्हटलं की ती काही मिनिटं डोळ्यांपुढं राहतात.

पाचवी पायरी: काय चढवायचं आणि काय नाही

गुऱ्हाळावर ‘चढवणे’ अगदी मूळ अर्थानं भेटतं. उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, येतो, काहील चुलवाणावर, म्हणजे मोठ्या चुलीवर, चढवतात, खाली चिपाडाचा जाळ. रस उकळायला लागला की वर येणारी मळी काढत राहायची, भेंडीचं पाणी घालायचं, आणि गूळ करणारा गुळव्या नजर ठेवून उभा. पाक हातात घेऊन तो बघतो, आणि तयार झाला की ‘उतरवा’ म्हणतो. मग सगळ्यांनी मिळून काहील उतरवायची. चढवणं सावकाश होतं, उतरवणं घाईत. उशीर झाला तर गूळ जळकट होतो. स्वयंपाकघरातही चुलीवर आधण चढवतात, कढई चढवतात. गॅस आला तरी हे क्रियापद टिकलं आहे.

कचेरीत ‘चढवणे’ म्हणजे नोंद करणे. सात-बारावर वारसांची नावं चढवतात, सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढवतात. कर्ज फिटलं की बोजा उतरवून घ्यावा लागतो. ‘चढवून घेणे’ म्हणजे आपल्या फायद्याचं काम दुसऱ्याकडून, मागं लागून, करवून घेणे: ‘तलाठ्याकडनं नाव चढवून घेतलं.’ यात हेलपाट्यांची भावनाही आपोआप येते. नुसतं ‘नाव चढलं’ म्हटलं की हेलपाटे गायब.

अंगावर कपडे चढवतात, दागिने चढवतात, बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बैलाच्या शिंगांना शेंब्या चढवतात आणि पाठीवर झूल चढवतात. पण साडी नेसतात, धोतर नेसतात. ‘साडी चढवली’ म्हटलं की घाईनं, कशीबशी अंगावर घेतली असा वास येतो. तो अर्थ हवा असेल तरच वापरा. धातूवर सोन्याचं पाणी चढवतात, पण भांड्याला कल्हई करतात किंवा लावतात. दवाखान्यात सलाईन चढवतात किंवा लावतात, रक्त चढवतात किंवा देतात. दोन्ही रूढ आहेत.

देवाच्या बाबतीत मात्र आग्रह धरावा असं मला वाटतं. देवाला फूल आपण वाहतो. हार घालतो, ओटी भरतो, नैवेद्य दाखवतो, नारळ फोडतो किंवा वाढवतो, मारुतीला तेल वाहतो, गुलाल उधळतो. प्रत्येक कृतीला वेगळं क्रियापद आहे आणि त्यात त्या कृतीचा हात दिसतो. हिंदीतून आलेलं ‘फूल चढवलं, नारळ चढवला, प्रसाद चढवला’ हे एकच क्रियापद ही सगळी विविधता झाकून टाकतं. देवळाला कळस चढवतात, मूर्तीवर मुकुट चढवतात, दर्ग्यात चादर चढवतात. तिथं ‘चढवणे’ आपलं आणि योग्य आहे. बाकी ठिकाणी जुनीच क्रियापदं वापरावीत.

सहावी पायरी: माणसामाणसांतलं चढणं

हे वाक्प्रचार अर्थासकट पक्के करावेत, कारण दिसायला जवळचे असून फार वेगळे आहेत.

खोटी स्तुती करून एखाद्याला नको त्या कामाला उद्युक्त करणं म्हणजे हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. हरभऱ्याचं झाड असतं केवढं, आणि त्यावर चढायचं कसं, हे उघडच आहे. खऱ्या कौतुकानं माणूस सुखावला तर त्याच्या अंगावर मूठभर मांस चढतं. लाडानं बिघडलेला माणूस डोक्यावर चढून बसतो. पैशानं माज चढतो, आणि रागानं पारा चढतो. लग्न करणारा बोहल्यावर चढतो.

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडं अजून वापरात आहे. कोल्हापुरात ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हा वकील-पक्षकारांच्या बोलण्यात तीच पायरी वेगळ्या सुरात आली असेल तर नवल नाही. हे बेंच मिळावं म्हणून इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली होती. एवढं ध्यानात ठेवा की या प्रयोगात ‘पायरी’ एकवचनीच राहते. ‘कोर्टाच्या पायऱ्या चढला’ म्हटलं तर तो खरोखर जिना चढून गेला.

‘चढेल’ या शब्दाला जपा. ‘तो गड चढेल’ म्हणजे पुढं चढणार आहे. ‘तो चढेल आहे’ म्हणजे उद्धट, गर्विष्ठ आहे.

सातवी पायरी: नामं

चढ म्हणजे रस्त्याचा उंचावत जाणारा भाग: पन्हाळ्याला जाताना वाघबिळाकडं चढ लागतो. चढण म्हणजे त्या चढाची दमवणारी वाट, ‘छातीवरची चढण’. तुलनेतला ‘चढ’ निराळा: ‘एकापेक्षा एक चढ पैलवान’. त्यातूनच वरचढ.

चढाई म्हणजे लष्करी हल्ला, आणि कबड्डीतली चढाई. 1660 मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला घातला तो वेढा. त्याला चढाई म्हणणं चूक. वेढ्यात वाट अडवून बसतात, चढाईत चालून जातात. चढाओढ म्हणजे स्पर्धा, आणि ती बऱ्यावाईट दोन्ही अर्थांनी चालते. चढउतार हा शब्द रस्त्यालाही लागतो आणि आयुष्यालाही. शाळेतला ‘चढता क्रम’ सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचंच जुनं, अजून चलनात असलेलं रूप ‘चढती भाजणी’.

लिहिताना

अक्षर ‘ढ’. ‘चडणे’ नको. हिंदीसारखं ‘ढ’खाली टिंब देऊ नका, मोबाईलच्या कीबोर्डवर हिंदी चालू राहिलं की ते आपोआप येतं, तेवढं तपासा. ‘चढवणे’ आणि ‘चढविणे’ दोन्ही शुद्ध आहेत, पण एका लेखात एकच ठेवा. कोल्हापुरी संवाद लिहायचा असेल तर ‘चढालंय’, ‘चढालाय’ बिनधास्त लिहा, मात्र निवेदनात ‘चढतंय’, ‘चढतो आहे’ ठेवा.

आता हात बसावा म्हणून काही वाक्यं दुरुस्त करून बघू. ‘सुमनने चार मजले चढले’: सुमन चार मजले चढली. ‘आम्ही लिफ्टने चढलो’: आम्ही लिफ्टनं वर गेलो. ‘भक्तांनी देवीला फुले चढवली’: भक्तांनी देवीला फुलं वाहिली. ‘गुडघ्यामुळे काकूंना जिना चढता येत नाही’: काकूंना गुडघ्यामुळं जिना चढवत नाही. ‘पंचगंगेचे पाणी दोन फुटांनी चढले’: पाणी दोन फूट चढलं, किंवा दोन फुटांनी वाढलं. ‘तो रिक्षात चढून स्टँडवर गेला’: तो रिक्षात बसून स्टँडवर गेला. ‘मी तिला साडी चढवली’: मी तिला साडी नेसवली. ‘वडिलांच्या पश्चात मुलींची नावे सात-बारावर चढवली’ हे मात्र जसंच्या तसं ठेवा. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.